परम्युटेशन-कॉम्बिनेशन: सूत्राआधी मोजायला शिका

‘निवडा’ दिसलं की सी (कॉम्बिनेशन, नुसती निवड), ‘मांडा’ दिसलं की पी (परम्युटेशन, क्रमासकट मांडणी). अकरावीच्या वर्गात आणि कॉलेज रोडच्या क्लासमध्ये पोरं हा मंत्र पाठ करतात आणि पहिल्याच वाकड्या प्रश्नाला तोंडावर पडतात. समजा, गल्लीतल्या गणेश मंडळात दहा कार्यकर्ते आहेत. त्यांतून एक अध्यक्ष आणि एक खजिनदार निवडायचा आहे. किती प्रकारे? ‘निवडायचा’ वाचलं की पेन आपोआप १० सी २ कडे (दहांतून दोघांची निवड) वळतं आणि ४५ लिहून पोरगं मोकळं होतं. उत्तर ९० आहे. अमोल अध्यक्ष आणि सचिन खजिनदार हे एक मंडळ झालं. दोघांनी पदं बदलली की दुसरंच मंडळ, कारण वर्गणीची पेटी दुसऱ्याच्या हातात गेली.

तेव्हा प्रश्नातल्या शब्दांवर जाऊ नका. जी गोष्ट मोजायची आहे, तशी एक स्वतः तयार करून बघा. टप्प्याटप्प्याने, वहीत. मग स्वतःला विचारा की अशा एकूण किती तयार होतील, आणि याच पद्धतीने तीच गोष्ट दोनदा तयार होत नाही ना. या धड्यातले बहुतेक मार्क त्या दुसऱ्या प्रश्नापाशी जातात.

पायरी १: आधी यादी करा

पाहुणे आलेत आणि त्यांना पंचवटी दाखवायची आहे. रामकुंड, काळाराम मंदिर, सीतागुंफा. कोणत्या क्रमाने जाल? लिहून काढा:

रामकुंड – काळाराम – सीतागुंफा
रामकुंड – सीतागुंफा – काळाराम
काळाराम – रामकुंड – सीतागुंफा
काळाराम – सीतागुंफा – रामकुंड
सीतागुंफा – रामकुंड – काळाराम
सीतागुंफा – काळाराम – रामकुंड

सहा. यादी कशी केली तेही बघा. पहिलं ठिकाण धरून ठेवलं, त्याच्या सगळ्या शक्यता संपवल्या आणि मगच पुढच्याकडे गेलो. आठवेल तसं लिहीत गेलात तर एखादी सुटते किंवा दोनदा येते, आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही.

आता चौथं ठिकाण जोडा, तपोवन. यादी चोवीसची होईल, ती लिहायची गरज नाही. चार चौकोन काढा. पहिल्या चौकोनात ४ पर्याय, एक ठिकाण वापरून झालं म्हणून दुसऱ्यात ३, मग २, मग १. चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, बरोबर २४. यालाच ४! म्हणायचं, वाचायचं ‘फोर फॅक्टोरियल’. पुढच्या जवळजवळ सगळ्या गणितांचं मूळ हे चौकोन आहेत.

पायरी २: गुणायचं की मिळवायचं

नाशकात हा नियम शिकवायला मिसळीइतकं सोयीचं काही नाही. समजा, एका ठिकाणी तिखटाचे तीन प्रकार आहेत: मध्यम, तिखट, झणझणीत. सोबत दही किंवा ताक. शेवटी जिलेबी, गुलाबजाम किंवा काहीच नको. किती वेगवेगळ्या ऑर्डर देता येतील? ३ × २ × ३ = १८. नवखे लोक ‘काहीच नको’ हा पर्याय मोजायला विसरतात आणि १२ लिहितात. न घेणं हाही एक पर्याय असतो.

आता घरातल्या एकाचा उपास आहे. तो मिसळ खाणार नाही, साबुदाणा खिचडी घेईल, दह्याबरोबर किंवा दह्याशिवाय. म्हणजे या हॉटेलात एका माणसाची ऑर्डर १८ + २ = २० प्रकारची असू शकते. एकाच ऑर्डरचे टप्पे असतील तर गुणाकार. एक वाट धरली की दुसरी बंद होत असेल तर बेरीज.

गुणाकाराला एक अट आहे. पुढच्या टप्प्यात किती पर्याय उरतात हे मागे काय निवडलं यावर अवलंबून नसावं. कोणते पर्याय उरले ते बदललं तरी चालेल, किती उरले ते बदलायला नको. मालकाने पाटी लावली की ‘ताकासोबत जिलेबी मिळणार नाही’ (का लावली, त्यालाच ठाऊक), तर ३ × २ × ३ कोसळतं. मग वाटा वेगळ्या करायच्या. दही घेतलं तर ३ × ३ = ९, ताक घेतलं तर ३ × २ = ६, मिळून १५.

पायरी ३: तीच गोष्ट पुन्हा चालते का?

कोणतंही गणित हातात घेतलं की हा प्रश्न आधी विचारा. रस्त्यावरच्या गाड्यांच्या पाट्या बघा. एमएच १५, पुढे दोन इंग्रजी अक्षरं, पुढे चार अंक. आय आणि ओ ही अक्षरं १ आणि ० सारखी दिसतात, म्हणून ती बाजूला ठेवू. उरली २४. अक्षर पुन्हा आलेलं चालतं, म्हणून अक्षरांच्या जोड्या २४ × २४ = ५७६. अंकांच्या चार जागांवर प्रत्येकी १० पर्याय, म्हणजे १०,०००. पण ०००० नंबर कुणाला मिळत नाही, म्हणून ९,९९९. एकूण ५७६ × ९,९९९ = ५७,५९,४२४.

आता अट घाला: चारही अंक वेगळे हवेत. पहिल्या जागी १०, मग ९, ८, ७. गुणाकार ५,०४०. इथे ०००० वेगळं वजा करायचं नाही, चारही अंक वेगळे म्हटल्यावर ते आधीच बाहेर पडलं.

यातून एक मजेशीर गोष्ट निघते. ९,९९९ पैकी ५,०४० नंबरांत सगळे अंक वेगळे आहेत, म्हणजे ४,९५९ नंबरांत कुठला ना कुठला अंक परत आलेला असतो. जवळपास निम्मे! हे आकडे आपण थेट मोजले नाहीत, एकूणातून नको असलेले काढून टाकले. ‘किमान एक’ असं प्रश्नात दिसलं की आधी ही वजाबाकीची वाट तपासा. दहातल्या नऊ वेळा ती जवळची निघते.

परीक्षेत मात्र ‘वेगवेगळे अंक असलेल्या चार अंकी संख्या किती’ असं विचारलं तर ५,०४० लिहू नका. पाटीवर ०१२३ चालतो, पण ०१२३ ही चार अंकी संख्या नाही. पहिल्या चौकोनात शून्य नको, म्हणून ९. दुसऱ्यात शून्य परत येतं, म्हणून पुन्हा ९. मग ८ आणि ७. उत्तर ४,५३६. ज्या जागेवर अट आहे तो चौकोन सगळ्यात आधी भरायचा. शेवटच्या चौकोनापासून सुरुवात केलीत तर पहिल्यापाशी येईपर्यंत शून्य वापरलं गेलं की नाही हेच कळत नाही.

पायरी ४: अदलाबदल करून बघा

दुसरा प्रश्न क्रमाचा, आणि त्याची कसोटी सोपी आहे. निवडलेल्यांतल्या दोघांची जागा बदला. काही फरक पडला का? पडला तर क्रम मोजायचा, म्हणजे परम्युटेशन. नाही पडला तर नाही, म्हणजे कॉम्बिनेशन.

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. त्यांतल्या तीन तालुक्यांचा दौरा आखायचा आहे, सोमवारी एक, मंगळवारी एक, बुधवारी एक. १५ × १४ × १३ = २,७३०. सोमवारी सिन्नर आणि मंगळवारी येवला, की उलट, यात फरक आहे. पण तीन तालुके एखाद्या योजनेसाठी नुसते निवडायचे असतील तर? सिन्नर, निफाड, येवला आणि येवला, सिन्नर, निफाड ही एकच निवड. २,७३० मध्ये हे त्रिकूट किती वेळा मोजलं गेलं? तीन नावांचे क्रम ३! = ६, म्हणून सहा वेळा. प्रत्येक त्रिकूट बरोबर सहा वेळा आलंय, तेव्हा सहाने भागायचं: ४५५.

सगळं कॉम्बिनेशन एवढंच आहे. आधी क्रमासकट मोजा, मग प्रत्येक गोष्ट जितक्या वेळा जास्त मोजली गेली तितक्याने भागा. एन वस्तूंतून आर निवडण्याचं पुस्तकातलं सूत्र, एन सी आर = एन! ÷ (आर! × (एन − आर)!), हेच सांगतं. त्यातल्या आर! ने आपण तो फालतू क्रम पुसून टाकतो.

एन सी आर काढताना मोठमोठे फॅक्टोरियल मांडत बसू नका. भास्कराचार्यांनी शके १०७२ च्या, म्हणजे इ.स. ११५० च्या सुमाराच्या लीलावतीत दिलेली रीत अजूनही सगळ्यात सुटसुटीत आहे. वर उतरते अंक, खाली चढते अंक, आणि डावीकडून एकेक गुणत-भागत जायचं. १५ सी ३ साठी १५ ला १ ने भागा, १५. त्याला १४ ने गुणून २ ने भागा, १०५. त्याला १३ ने गुणून ३ ने भागा, ४५५. मधे कधीच अपूर्णांक येत नाही. आला तर समजा गुणाकार चुकला.

लीलावतीतलं या रीतीचं उदाहरणही आपल्या स्वयंपाकघरातलं आहे: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट हे सहा रस. एक, दोन, तीन असे घेऊन किती चवी होतील? ६, १५, २०, १५, ६, १. बेरीज ६३. हीच बेरीज दुसऱ्या वाटेनेही येते. प्रत्येक रस घालायचा किंवा नाही घालायचा, दोन पर्याय. सहा रस म्हणजे २ × २ × २ × २ × २ × २ = ६४, त्यातून ‘काहीच घातलं नाही’ हा एक वजा. एकच संख्या दोन वाटांनी आली की निर्धास्त राहा. परीक्षेत वेळ असेल तर पडताळा असाच घ्यायचा.

भास्कराचार्य आपल्यापासून फार लांबचे नाहीत. नाशिकरोडहून रेल्वेने मनमाड, नांदगाव ओलांडलं की चाळीसगाव येतं. त्याच्याजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख आहे. लीलावतीच्या शेवटी ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे, ते पूर्ण परम्युटेशनचं. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म आलटून पालटून दिले तर किती मूर्ती? ४! = २४. संध्येत केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावं घेतात, ती याच चोवीस रूपांची. पुढे शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं. तिथे १० सी १० असा प्रश्नच नाही, प्रत्येक हात वेगळा आहे, म्हणून १०! = ३६,२८,८००. सेकंदाला एक मूर्ती डोळ्यांपुढे आणत बसलात तर न झोपता बरोबर सहा आठवडे लागतील. ताडून बघा, एका आठवड्यात ६,०४,८०० सेकंद असतात.

पायरी ५: सारखी अक्षरं, आणि एकक कोणतं

अक्षरांच्या गणितात एकक काय धरायचं हे आधी ठरवा. मराठीत ‘मनमाड’ लिहिलं तर म, न, मा, ड असे चार वेगळे घटक आहेत, मांडण्या २४. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तेच एम, ए, एन, एम, ए, डी होतं. सहा अक्षरं, त्यात एम दोनदा आणि ए दोनदा. सगळी वेगळी असती तर ६! = ७२०. पण दोन एम एकमेकांच्या जागी गेले तर शब्द तोच राहतो, म्हणून २ ने भागायचं. दोन ए साठी पुन्हा २ ने. उत्तर १८०. स्पर्धा परीक्षेत मराठी माध्यमातल्या प्रश्नातही शब्द बहुतेकदा इंग्रजीच असतो, आणि मराठी शब्द आला तर काना-मात्रा अक्षराला चिकटलेली धरतात. प्रश्न दोनदा वाचा.

पंचवटीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पी, ए, एन, सी, एच, ए, व्ही, ए, टी, आय अशी दहा अक्षरं आहेत, त्यात ए तीनदा. म्हणून १०! ÷ ३! = ६,०४,८००. (हो, पुन्हा आठवडाभराचे सेकंद.) यात सगळे स्वर एकत्र हवेत असं म्हटलं तर तीन ए आणि एक आय यांचं एक गाठोडं बांधा. गाठोडं आणि सहा व्यंजनं मिळून सात वस्तू, ७! = ५,०४०. गाठोड्याच्या आत चार अक्षरं, त्यांत तीन सारखी, म्हणून ४! ÷ ३! = ४. उत्तर २०,१६०. गाठोडं बांधलं की ते आतूनही हलवायचं असतं, आणि निम्मी पोरं नेमकं तेच विसरतात.

पायरी ६: एकत्र, वेगळे आणि मधलं

मिरवणुकीत नाशिक ढोलाचं पथक एका रांगेत उभं करायचं आहे. सहा ढोलवाले, चार ताशेवाले. काही अट नसेल तर १०!. आता तीन अटी शेजारी ठेवून बघा, कारण परीक्षा घेणारा यातच फसवतो.

चारही ताशे एकत्र हवेत: गाठोडं. सहा ढोल आणि एक गाठोडं, ७! × ४! = १,२०,९६०.

चारही ताशे एकत्र नकोत: एकूणातून वरचं वजा, ३५,०७,८४०. यात दोन किंवा तीन ताशे शेजारी आलेले चालतात.

कोणतेही दोन ताशे शेजारी नकोत: ही वेगळीच अट आहे आणि ती वजाबाकीने सुटत नाही. आधी ढोल उभे करा, ६! = ७२०. सहा ढोलांच्या मधे पाच फटी आणि दोन टोकं, मिळून सात जागा. त्यांतल्या चार जागी चार ताशेवाले, प्रत्येक जागी जास्तीत जास्त एक. माणसं वेगळी आहेत, म्हणून ७ × ६ × ५ × ४ = ८४०. गुणाकार ६,०४,८००.

दुसऱ्या आणि तिसऱ्या अटीत मराठी वाक्य थोडंसंच बदलतं, उत्तर जवळजवळ सहापट बदलतं. ‘एकत्र नकोत’ वाचलं की लगेच विचारा: सगळे एकत्र नकोत, की कुणीही दोघं नकोत?

चौकात पथक रिंगण धरतं तेव्हा आणखी एक फरक पडतो. रांगेला सुरुवात असते, रिंगणाला नसते. सगळे एकेक पाऊल उजवीकडे सरकले तरी प्रत्येकाचे शेजारी तेच राहतात. दहा जणांचं तेच रिंगण रांगेच्या हिशोबात दहा वेळा येतं, म्हणून १०! ÷ १० = ९! = ३,६२,८८०. मण्यांची माळ असेल तर ती उलटीही धरता येते, म्हणून आणखी दोनाने भागायचं. माणसांना उलटं धरता येत नाही.

पायरी ७: ‘किमान’चा सापळा

इथे जरा थांबू, कारण या एका गणितात अख्खा धडा येतो. सोसायटीत सात पुरुष आणि पाच स्त्रिया उभ्या आहेत. चार जणांची समिती करायची, त्यात किमान दोन स्त्रिया हव्यात. हुशार पोरगंही हमखास असं करतं: “सर, आधी दोन बायका घेतल्या, ५ सी २ म्हणजे १०. अट पुरी झाली. आता उरलेल्या दहांतून कुणीही दोघं, १० सी २ म्हणजे ४५. एकूण ४५०. चुकलं कुठे?”

ऐकायला अगदी बरोबर वाटतं. आता एकच समिती हातात घ्या: मीना, सविता, रेखा आणि सुरेश. या पद्धतीने ही समिती कशी कशी तयार होते? आधी मीना-सविता आणि नंतर रेखा-सुरेश. आधी मीना-रेखा आणि नंतर सविता-सुरेश. आधी सविता-रेखा आणि नंतर मीना-सुरेश. एकच समिती, पण मोजली तीनदा. चारही स्त्रिया असलेली समिती तर सहा वेळा मोजली गेली. ‘आधी’ घेतलेल्या आणि ‘नंतर’ घेतलेल्या असा भेद आपण केला, समितीत तो भेद नाहीच.

बरोबर रीत म्हणजे वाटा वेगळ्या करणं. नेमक्या दोन स्त्रिया: १० × ७ सी २ = १० × २१ = २१०. नेमक्या तीन: १० × ७ = ७०. चारही: ५. बेरीज २८५. चुकीचा आकडा कुठून आला तेही आता दिसतं: २१० एकदा, ७० तीनदा आणि ५ सहा वेळा, २१० + २१० + ३० = ४५०. आपली चूक अशी सुटी करून बघितलीत तर ती पुन्हा होत नाही. नुसतं ‘केसेस करा’ ऐकून ती होतच राहते.

या प्रश्नात एकूण समित्या १२ सी ४ = ४९५ आहेत आणि चुकीचं उत्तर ४५० त्याच्या आत बसतं, म्हणून चूक लपून राहते. अट ‘किमान एक स्त्री’ असती तर त्याच पद्धतीने ५ × ११ सी ३ = ८२५ आलं असतं, एकूण समित्यांपेक्षाही जास्त, आणि लगेच पकडलं गेलं असतं. बरोबर उत्तर: एकूण ४९५ वजा फक्त पुरुषांच्या ३५, म्हणजे ४६०. उत्तर एकूणापेक्षा मोठं नाही ना, एवढं दर वेळी बघा, दोन सेकंदांचं काम आहे.

पायरी ८: वस्तू सारख्या असल्या तर

आतापर्यंत माणसं वेगळी होती, मंदिरं वेगळी होती. आता शेतातून द्राक्षांच्या दहा सारख्या पेट्या आल्यात आणि त्या चार नातेवाइकांना वाटायच्या आहेत. कुणाला शून्य मिळाल्या तरी चालेल (रुसवाफुगवा बाजूला ठेवू). इथे कुठली पेटी कुणाला गेली हे महत्त्वाचं नाही, कुणाला किती गेल्या एवढंच बघायचं.

दहा पेट्यांसाठी दहा गोल काढा आणि चार वाटे पाडायला तीन काड्या ठेवा. पहिल्या काडीच्या डावीकडचे गोल मोठ्या आत्याचे, मग मामांचे, आणि असंच पुढे. दोन काड्या चिकटून आल्या तर मधल्याला शून्य. प्रत्येक वाटप म्हणजे दहा गोल आणि तीन काड्यांची एक रांग, आणि अशी प्रत्येक रांग म्हणजे एक वाटप. तेरा जागांतून काड्यांच्या तीन जागा ठरवायच्या, १३ सी ३ = २८६.

प्रत्येकाला किमान एक पेटी द्यायचीच असेल तर आधी चौघांना एकेक देऊन टाका. उरल्या सहा. सहा गोल, तीन काड्या, ९ सी ३ = ८४. इथे ‘आधी देऊन टाका’ चालतं आणि समितीत चाललं नव्हतं, का? पेट्या सारख्या आहेत. आधी दिलेली कोणती आणि नंतर दिलेली कोणती हे ओळखता येत नाही, म्हणून दोनदा मोजायला वावच नाही.

याच्याशेजारी हा प्रश्न ठेवा: दहा विद्यार्थ्यांना चार बॅचमध्ये टाकायचं आहे, कोणतीही बॅच रिकामी राहिली तरी चालेल. विद्यार्थी वेगळे आहेत. प्रत्येकाला चार पर्याय, म्हणून चाराचा दहावा घात, १०,४८,५७६. दोन्ही प्रश्नांत दहा आणि चार हेच आकडे, उत्तरं २८६ आणि साडेदहा लाखांच्या आसपास.

आता तुम्ही करा

पहिलं. पंधरा तालुक्यांतून चार निवडायचे, सुरगाणा हवाच तर किती, आणि सुरगाणा नकोच तर किती? हवाच असेल तर त्याला आत बसवा, उरलेल्या चौदातून तीन: ३६४. नकोच असेल तर चौदातून चार: १,००१. बेरीज १,३६५ आणि १५ सी ४ सुद्धा १,३६५. आला पडताळा.

दुसरं. लग्नात वीस जणांनी प्रत्येकाशी एकदा हस्तांदोलन केलं. हात मिळवणं दोघांचं असतं आणि अदलाबदलीने फरक पडत नाही. २० सी २ = १९०.

तिसरं. आठ पोरांच्या चार-चारच्या दोन टीम पाडायच्या. ८ सी ४ = ७० लिहून थांबू नका. एका टीमचं नाव ‘अ’ आणि दुसरीचं ‘ब’ असतं तर ७० बरोबर होते. नावं नसतील तर या चौघांना निवडणं आणि त्या चौघांना निवडणं ही एकच विभागणी, म्हणून ३५. मैदानावर टॉसआधीची विभागणी मोजायची की टॉसनंतरची, एवढाच फरक.

चौथं लीलावतीतलंच, जरा दमदार. ४, ८, ५, ५, ५ या अंकांपासून पाच अंकी संख्या किती होतील, आणि त्या सगळ्यांची बेरीज किती? संख्या किती हे तुम्हाला आता येतं: ५! ÷ ३! = २०. बेरजेसाठी वीस संख्या लिहू नका. एकंच्या स्थानी काय काय येतं ते बघा. तिथे ४ ठेवला तर उरलेल्या चार जागी ८, ५, ५, ५, म्हणजे ४! ÷ ३! = ४ संख्या. ८ ठेवला तरी ४. ५ ठेवला तर उरतात ४, ८, ५, ५, म्हणजे ४! ÷ २! = १२ संख्या. चार, चार, बारा, वीस भरले. एकंच्या स्थानाची बेरीज ४ × ४ + ८ × ४ + ५ × १२ = १०८. दहं, शतक, हजार, दहा हजार, प्रत्येक स्थानावर हेच १०८ येतात. म्हणून १०८ × ११,१११ = ११,९९,९८८.